हौद्यात भरलं तेवढं ओढण्यातून वजा: पिकअपला ट्रॉली जोडण्याआधीचा हिशेब

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आसपास खान्देशात मंडपवाल्याची गाडी दारात उभी दिसत नाही. हौद्यात पाइप, पडदे, गाद्या आणि मागे हुकाला जनरेटरची ट्रॉली. "आपली पिकअप टनभर सहज ओढते" असं कुणी म्हटलं की मी विचारतो, हौद्यात काय भरून? ओढण्याचा जो मोठा आकडा सांगितला जातो तो बहुतेक वेळा रिकाम्या हौद्याचा असतो.

आधी आरसी बुक काढा. त्यात गाडीचं रिकामं वजन असतं आणि पासिंगचं वजन, म्हणजे भरलेल्या गाडीच्या वजनाची मर्यादा, असते. दोन्हींतला फरक म्हणजे गाडीवर चढवता येणारा भार. रिकाम्या वजनात ड्रायव्हर आणि कामाची पोरं धरलेली नसतात, हे बरेच जण विसरतात. मग कंपनीची पुस्तिका उघडा आणि दोन गोष्टी बघा: ट्रेलर ओढायला परवानगी आहे का, आणि गाडी-ट्रॉली मिळून जास्तीत जास्त वजन किती. परवानगीच नसेल तर विषय संपला; वेल्डिंग करून बसवलेल्या हुकाने ती मिळत नाही. ट्रॉलीचीही वेगळी नोंदणी लागते.

आता कागद-पेन घ्या. समजा रिकामं वजन 1,800 किलो, पासिंग 3,500 आणि गाडी-ट्रॉली मिळून मर्यादा 4,000. भार निघाला 1,700. ड्रायव्हर आणि दोन पोरं 200, मंडपाचं सामान 1,200. उरले 300. जनरेटरची ट्रॉली 900 किलोची आहे, पण ती सगळी स्वतःच्या चाकांवर नसते. तिची दांडी हुकावर टेकते आणि साधारण 10 ते 15 टक्के वजन गाडीवर टाकते. इथे 110 किलो धरू. तेही भारातच मोजायचं, म्हणजे उरले 190. वाटतं, जमलं! पण एकूण बेरीज करा: 1,800, 200, 1,200 आणि 900, झाले 4,100. शंभर किलो जास्त. पासिंगमध्ये बसलेली गाडी जोडी म्हणून नापास. गाद्यांचा एक ढीग दुसऱ्या खेपेला ठेवा, नाहीतर लहान जनरेटर न्या. हौद्यात चढलेला प्रत्येक किलो या बेरजेत ट्रॉलीच्या वाट्यातून जातो.

हुकावरच्या 110 किलोचा खरा त्रास वेगळाच आहे. हुक मागच्या चाकांच्याही मागे असतो, त्यामुळे तो पहारीसारखा काम करतो. पुढच्या-मागच्या चाकांत 3 मीटर आणि हुक त्यामागे 1.2 मीटर असेल, तर मागच्या चाकांवर 154 किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरून 44 किलो उचलले जातात. मागचे स्प्रिंगचे पाटे सपाट होतात, हेडलाइट आभाळाकडे बघतात, स्टेअरिंग हलकं लागतं. हलकं स्टेअरिंग म्हणजे पुढच्या टायरची रस्त्यावरची पकड कमी. म्हणून हौद्यातलं जड सामान केबिनला चिकटून भरा, मागच्या फळक्याजवळ नाही.

दांडीवर वजन फार कमी पडलं तरी चालत नाही. मी एकदा साक्रीहून नवापूरला जाताना डिझेलचे कॅन ट्रॉलीच्या मागच्या टोकाला ठेवले होते. कोंडाईबारीच्या उतारावर ट्रॉली शेपटी हलवायला लागली. शेजारी बसलेला पोरगा ओरडला, मी घाबरून ब्रेक दाबला आणि ती आणखीच डोलली. तेव्हा ब्रेक दाबायचा नसतो. अॅक्सिलरेटर सोडायचा, स्टेअरिंग सरळ धरायचं, गाडी आपोआप हळू होऊ द्यायची. आता कॅन ट्रॉलीच्या चाकांच्या पुढच्या बाजूला बांधतो.

अंदाज बाजूला ठेवून एकदा भुईकाट्यावर जा. भरलेली गाडी ट्रॉलीशिवाय मोजा. मग ट्रॉली जोडून फक्त गाडीची चाकं काट्यावर घ्या, ट्रॉलीची बाहेर. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे दांडीचं वजन. शेवटी सगळी जोडी एकदम मोजा. मागची चाकं तेवढी वेगळी मोजली तर उत्तमच. काट्याची पावती गाडीत ठेवा. 1 सप्टेंबर 2019 पासून ओव्हरलोडला 20,000 रुपये दंड आहे, वर प्रत्येक जास्तीच्या टनाला 2,000, आणि जास्तीचा माल उतरवण्याचा खर्चही आपलाच.

निघण्यापूर्वी टायरची हवा पहाटे, टायर थंड असताना तपासा. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे दुपारचा पारा 44-45 अंशांवर जातो. तापलेल्या टायरचा आकडा फसवतो. हुकाची पिन, खाली फुलीसारख्या अडकवलेल्या दोन साखळ्या, ट्रॉलीचा मागचा दिवा बघा. छोट्या ट्रॉल्यांना बहुधा ब्रेकच नसतात, म्हणजे थांबवायचं सगळं काम गाडीचं. वेग 40 वरून 60 वर गेला की तेच काम सव्वादोन पट होतं. त्यामुळे पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा दुप्पट अंतर ठेवा, आणि घाट उतरण्याआधीच, वरच, गिअर खाली घ्या.