वापरलेला फोन घेताय? आधी समोर रीसेट, मग पैसे

जुना मोबाइल घेताना दहाजण एकच सल्ला देतात: ओरखडे बघा, कॅमेरा बघा, बॅटरी बघा. हे बघायचंच, पण यात फटका बसतो तो दुरुस्तीच्या खर्चाचा. पूर्ण रक्कम बुडते ती लॉकमध्ये, म्हणजे आधीच्या मालकाच्या किंवा कर्ज देणाऱ्या कंपनीच्या कुलपात. फोन हातात घेतला तेव्हा लखलखीत चालू असतो, आणि घरी आल्यावर किंवा महिन्याभराने वीट होऊन पडतो.

मॉडेल निवडताना एकच गोष्ट आधी पाहा: कंपनी त्याला आणखी किती वर्षं अपडेट देणार आहे. सॅमसंगच्या एस२४ मालिकेला (२०२४) आणि गूगलच्या पिक्सेल ८ ला (२०२३) बाजारात आल्यापासून सात वर्षांचं आश्वासन आहे, पण स्वस्तातल्या कित्येक फोनांचं दोन-तीन वर्षांतच आटोपतं. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’खाली सिक्युरिटी अपडेटची तारीख दिसते. ती वर्षापेक्षा जुनी असेल तर त्या फोनवर बँकेचे व्यवहार करायचे नाहीत, म्हणजेच तो घ्यायचा नाही.

भेटीला जाताना तुमचं सिम, सिमची खाच उघडायची पिन, चार्जर, केबल आणि हॉटस्पॉट देणारा तुमचा चालू फोन सोबत हवा. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा: व्हॉट्सअ‍ॅपसकट सगळ्याचा बॅकअप घ्या, अकाउंटचा पासवर्ड आठवून ठेवा, फोन माझ्यासमोरच रीसेट करायचा, म्हणजे पूर्ण पुसून नव्यासारखा करायचा आहे. हे ऐकूनच जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडे जाण्याचे कष्ट वाचले.

भेटल्यावर पहिलं काम आयएमईआयचं, म्हणजे फोनच्या ओळख क्रमांकाचं. *#०६# डायल केलं की १५ अंकी क्रमांक येतो, दोन सिमचा फोन असेल तर दोन येतात. तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी अंक न् अंक जुळवा. मग इंग्रजीत केवायएम ही तीन अक्षरं, एक जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर किंवा अ‍ॅपमध्येही हीच तपासणी होते. उत्तरात ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा ‘ऑलरेडी इन यूज’ आलं तर तिथूनच परत फिरा. कंपनी किंवा मॉडेल हातातल्या फोनापेक्षा वेगळं दिसलं, तर आतला मुख्य बोर्ड बदललेला आहे किंवा क्रमांकाशी छेडछाड झालेली आहे. अशी छेडछाड २०२३ च्या दूरसंचार कायद्याने गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. असा फोन फुकट मिळाला तरी नको.

आता रीसेट. इथे घाई करायची नाही. अर्धा तास लागतो, तो काढूनच जा.

अँड्रॉइडमध्ये क्रम महत्त्वाचा आहे. आधी सेटिंग्जमधून विकणाऱ्याचं गूगल अकाउंट काढायचं. सॅमसंग, शाओमी वगैरेंचं स्वतःचं अकाउंट असेल तर तेही. मग सेटिंग्जमधूनच फॅक्टरी रीसेट. बटणं दाबून उघडणाऱ्या रिकव्हरी मेनूतून केलेला रीसेट चालत नाही: त्यात फोन पुसला जातो, पण तो आधीच्या गूगल अकाउंटशी बांधलेलाच राहतो. अँड्रॉइड ५.१ पासून हे संरक्षण आहे. चोराला ते अडवतं, तसं बेसावध गिऱ्हाइकालाही अडवतं. आयफोनमध्ये ‘जनरल’, त्यात ‘ट्रान्सफर ऑर रीसेट’, मग ‘इरेज ऑल कंटेंट’. तिथे अ‍ॅपल अकाउंटचा पासवर्ड मागितला जातो आणि तो मालकानेच टाकायचा. “पासवर्ड आठवत नाही, संध्याकाळी पाठवतो” असं उत्तर आलं, तर पैसेही संध्याकाळीच.

“मी घरूनच रीसेट करून आणलाय” हे वाक्य पुरेसं नाही. रीसेट झालेला फोन पुन्हा सुरू करून सेटअप शेवटपर्यंत न्यायचा, आणि तोही इंटरनेटवर. वाय-फायच्या पडद्यावर ‘स्किप’ दाबू नका, तुमचा हॉटस्पॉट जोडा. फोन कंपनीच्या सर्व्हरशी बोलल्याशिवाय काही लॉक वर येतच नाहीत, म्हणून ऑफलाइन सेटअप निर्धोक पार पडला याला काही अर्थ नाही. पूर्वीचं गूगल अकाउंट मागितलं, आयफोनवर ‘लॉक्ड टू ओनर’ किंवा ‘रिमोट मॅनेजमेंट’ असा पडदा आला, की सौदा थांबवा. ‘रिमोट मॅनेजमेंट’ म्हणजे तो फोन एखाद्या कंपनीच्या किंवा संस्थेच्या ताब्यात नोंदलेला आहे.

सगळ्यात फसवा प्रकार हप्त्यांच्या लॉकचा. हप्त्यावर घेतलेल्या कित्येक फोनांत कर्ज देणारी कंपनी आपलं नियंत्रण ठेवणारं अ‍ॅप टाकते. हप्ता थकला की आधी पडद्यावर सूचना येतात, मग फोन बंद. विकणाऱ्याने तीन हप्ते बाकी ठेवून फोन तुमच्या गळ्यात मारला, तर घेताना सगळं व्यवस्थित दिसेल आणि पुढच्या हप्त्याची तारीख उलटल्यावर कुलूप पडेल. हे अ‍ॅप साध्या रीसेटने जात नाही, नेट मिळताच परत येतं. खुणा अशा: लॉक स्क्रीनवर किंवा सेटिंग्जमध्ये ‘हे डिव्हाइस संस्थेच्या मालकीचं आहे’ अशा अर्थाची ओळ, ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन अ‍ॅप्स’च्या यादीत कर्ज कंपनीचं नाव, फॅक्टरी रीसेटचा पर्याय ॲडमिनने बंद केल्याचा संदेश. रीसेटच्या आधी एकदा आणि सेटअपनंतर पुन्हा एकदा या जागा बघा. बिलावर फायनान्स कंपनीचं नाव असेल तर कर्ज फिटल्याचं पत्र मागा. तोंडी “सगळे हप्ते झालेत” चालणार नाही.

गल्लीतल्या दुकानात हे लॉक “काढून मिळतं” असं कोणी सांगेल. त्या नादी लागू नका. त्यासाठी बहुधा फोनचं मूळ सॉफ्टवेअरच बदललेलं असतं, आणि मग बँकेची आणि यूपीआयची अ‍ॅप्स उघडायला नकार देतात. तुम्ही घेत असलेल्या फोनवर हा प्रयोग आधीच झालाय का, हे प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’खाली कळतं: तिथे ‘डिव्हाइस इज सर्टिफाइड’ हवं.

बाकीची तपासणी दहा मिनिटांची. स्वतःचं सिम टाकून कॉल करा, स्पीकरवरही बोला, चार्जर लावा, दोन्ही कॅमेरे, बोटाचा ठसा, जीपीएस पाहा. पांढरं आणि करडं चित्र पूर्ण पडद्यावर लावलं की हिरवी रेघ किंवा जुन्या आयकॉनचे डाग लपत नाहीत. सॅमसंगमध्ये *#०*# ने तपासणीचा मेनूच उघडतो. आयफोनवर ‘अबाउट’मध्ये सुट्या भागांचा इतिहास वाचा, ‘अननोन पार्ट’ दिसलं तर तो भाग अस्सल नाही असं धरून भाव पाडा. बॅटरीची उरलेली क्षमता (‘बॅटरी हेल्थ’) ८० टक्क्यांखाली असेल तर नवीन बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करा. परदेशातून आलेला आयफोन असेल तर ‘कॅरिअर लॉक’समोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ हवं, म्हणजे तो एकाच मोबाइल कंपनीच्या सिमला बांधलेला नाही; अमेरिकेतल्या आयफोन १४ पासूनच्या फोनांना सिमची खाचच नाही, फक्त ई-सिम चालतं.

पैसे यूपीआयने द्या, रोख नको. साध्या कागदावर विक्रीपत्र करा: दोघांची नावं, मॉडेल, दोन्ही आयएमईआय, रक्कम, तारीख, “यावर कर्ज बाकी नाही” हे वाक्य, सह्या. सोबत विकणाऱ्याच्या आधारची, पहिले आठ अंक झाकलेली प्रत आणि मूळ जीएसटी बिल. या कागदाचा कंटाळा करू नका. पैसे घेऊन नंतर “फोन हरवला” अशी तक्रार नोंदवून आयएमईआय ब्लॉक करता येतो, आणि फोन चोरीचा निघाला तर पोलीस ज्याच्या हातात तो आहे त्याच्याकडेच येतात. तेव्हा तुम्ही तो कुणाकडून, कधी, कितीला घेतलात हे दाखवणारी दोनच साधनं तुमच्याकडे असतील: हे पत्र आणि यूपीआयची नोंद. दोन्हींचे फोटो त्या फोनमध्ये नव्हे, दुसरीकडे ठेवा.