मुलांकडे इंग्लंडला राहायला जाताना : ओव्हनची ओळख आणि जुन्या वाड्यांची सहल

वर्धा, यवतमाळ, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या खेड्यांतली कितीतरी मुले शिकून इंग्लंडला नोकरीला लागली, तिकडेच त्यांचे संसार थाटले गेले, आणि आता कपाशीची शेवटची वेचणी आटोपली की त्यांचे आईवडील नातवंडांजवळ राहायला विमानात बसतात. भेटीच्या व्हिसावर साधारणपणे एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहता येते. पहिले काही दिवस नवलाईत जातात. पुढे लेक-जावई कामावर आणि मुले शाळेत गेली, की दिवसभर बंद घरात करायचे काय, हा प्रश्न उभा राहतो. मी स्वतः काही वर्षे तिथे राहून आता हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या गावी परतले आहे, आणि तिकडे निघालेल्या प्रत्येकाला दोन गोष्टी आवर्जून सुचवते : आठवड्यातल्या मोकळ्या दुपारी ओव्हन वापरायला शिकावे, आणि सुटीच्या दिवशी घरी भाजलेल्या खाऊचा डबा घेऊन तिथल्या ग्रामीण भागातले जुने जहागीरदारी वाडे पाहावेत. ही दोन्ही कामे एकमेकांना फार चांगली जोडून घेतात, कारण त्या वाड्यांत सर्वांत पाहण्याजोगी जागा असते ती स्वयंपाकघराची.

निघताना सामानात तूप, पेढे, खवा किंवा दुधाचा दुसरा कोणताही पदार्थ ठेवू नये. भारतातून प्रवाशाने दुग्धजन्य पदार्थ ब्रिटनमध्ये नेण्यास बंदी आहे आणि विमानतळावर ते काढून घेतले जातात. तिथे बिनमिठाचे उत्तम लोणी प्रत्येक दुकानात मिळते. ते मंद आचेवर कढवले की घरच्यासारखे तूप होते. वेलची, जायफळ आणि नागपुरी संत्र्याची वाळवून कुटलेली साल मात्र न्यायला सोयीची असते आणि खूप उपयोगी पडते.

ओव्हनची भीती बाळगण्याचे कारण नाही. ज्या घरात गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर रोडगे भाजले जातात, तिथल्या बाईला चारही बाजूंनी लागणारी धग म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. ओव्हनमध्ये तीच धग आकड्यात बांधलेली असते, एवढाच फरक. मुलीकडून पहिल्या दिवशी तीन गोष्टी समजून घ्याव्यात. पहिली म्हणजे भिंतीवरचा ओव्हनचा वेगळा स्विच, कारण तो बंद असला तर बाकीची बटणे कितीही फिरवली तरी काही होत नाही. दुसरी म्हणजे बटणावरची चित्रे : वर्तुळातला पंखा म्हणजे आतली गरम हवा फिरवणारी रीत, आणि वरच्या बाजूची नागमोडी रेघ म्हणजे केवळ वरून भाजणारी ग्रिल. पंख्याच्या रीतीत कृतीत दिलेल्या तापमानापेक्षा २० अंश कमी ठेवावे लागतात. जुन्या गॅसच्या ओव्हनवर अंशांऐवजी १ ते ९ असे आकडे असतात आणि त्यांतला ४ म्हणजे सुमारे १८० अंश सेल्सिअस. तिसरी गोष्ट छतावरच्या धुराच्या घंटेची. ती फोडणीच्या धुरानेसुद्धा वाजते, तेव्हा घाबरून न जाता खिडकी उघडावी आणि चुलीवरचा पंखा आधीच लावून ठेवावा. गरम ट्रे धरायला सांडशी चालत नाही. त्यासाठी जाड हातमोजे असतात, आणि ते पूर्ण कोरडे हवेत, कारण ओल्या कापडातून चटका लगेच बसतो.

सुरुवात शॉर्टब्रेडने करावी. हे मूळचे स्कॉटलंडचे बिस्किट आपल्या नानकटाईच्या अगदी जवळचे आहे, त्यात अंडे नसते, ते फसण्याची शक्यता कमी असते आणि डब्यात पुष्कळ दिवस टिकते. याचे प्रमाण लक्षात ठेवायला सोपे आहे : वजनाने तीन भाग मैदा, दोन भाग लोणी, एक भाग साखर. म्हणजे १५० ग्रॅम मैद्याला १०० ग्रॅम लोणी आणि ५० ग्रॅम बारीक साखर. लोणी बोट लावले की दबेल इतके मऊ असावे, पण वितळलेले नसावे. ते साखरेबरोबर लाकडी चमच्याने फेसावे, त्यात चिमूटभर मीठ आणि मैदा घालावा, आणि गोळा जेमतेम जमला की हात थांबवावा. पोळीच्या कणकेसारखे ते मळले तर मैद्यातला चिवटपणा जागा होतो आणि बिस्किट खुसखुशीत होत नाही. मैद्यातले २५ ते ३० ग्रॅम काढून त्याऐवजी तांदळाचे किंवा ज्वारीचे बारीक पीठ घातले तर खुसखुशीतपणा वाढतो, कारण या पिठांत तो चिवटपणा मुळातच नसतो. ज्वारीच्या पिठाने येणारी किंचित खमंग चव मला स्वतःला मैद्याच्या चवीपेक्षा आवडते. संत्र्याची कुटलेली साल घालायची असेल तर ती अर्धा चमचा पुरे.

गोळा साधारण १८ सेंटीमीटर रुंदीच्या गोल साच्यात हाताने सारखा थापावा, काट्याने सगळीकडे टोचावा, आणि आठ भाग पडतील अशा खुणा सुरीने करून ठेवाव्यात. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १७० अंशांवर, पंखा असेल तर १५० अंशांवर, सुमारे ३० मिनिटे भाजावा. रंगाकडे नीट लक्ष द्यावे : मधला भाग फिकट आणि फक्त कडा सोनेरी झाल्या की बाहेर काढावे. त्या वेळी तो बोटाला मऊ लागतो आणि कच्चा राहिला असे वाटते, पण थंड होताना तो आपोआप कडक होतो. गरम असतानाच खुणांवरून सुरी फिरवावी, कारण गार झाल्यावर कापायला गेले की तुकडे पडतात. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नये.

दुसरा पदार्थ स्कोन, म्हणजे ओव्हनमध्ये फुगणारा छोटा मऊ पाव. २२५ ग्रॅम सेल्फ-रेझिंग पिठात, म्हणजे बेकिंग पावडर आधीच मिसळलेल्या मैद्यात, ५० ग्रॅम गार लोणी बोटांच्या टोकांनी चोळून रव्यासारखे करावे, २५ ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ आणि सुमारे १५० मिलिलिटर दूध घालून सैलसर गोळा करावा, अडीच सेंटीमीटर जाड थापून वाटीने गोल कापावा, आणि २२० अंशांवर १२ ते १५ मिनिटे भाजावा. वाटी सरळ दाबून उचलावी. फिरवली तर कडा मिटतात आणि स्कोन वाकडे फुगतात. ते त्याच दिवशी खावेत. जॅम आणि क्लॉटेड क्रीम लावून ते खातात, आणि आधी क्रीम की आधी जॅम यावरून डेव्हन आणि कॉर्नवॉल या दोन परगण्यांत जुना वाद आहे. हे क्रीम म्हणजे दूध मंद आचेवर तासन्‌तास ठेवून धरलेली जाड साय असते, त्यामुळे आपल्या जिभेला ते परके वाटत नाही.

शाकाहारी मंडळींनी विकतच्या पदार्थांबाबत सावध राहावे. तिथल्या काही पारंपरिक पेस्ट्रीत लार्ड, म्हणजे डुकराची चरबी असते, नाताळच्या मिन्स पायच्या सारणात गाईबैलाची चरबी असू शकते, आणि जेली किंवा मार्शमॅलोत जिलेटिन असते. वेष्टनावर शाकाहाऱ्यांना चालणारे असल्याचे स्पष्ट लिहिलेले पाहूनच घ्यावे. घरी भाजण्याचा मोठा फायदा हाच आहे, की डब्यात काय आहे हे आपल्याला माहीत असते.

आता वाड्यांविषयी. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधली अनेक जुनी घरे नॅशनल ट्रस्ट ही १८९५ मध्ये स्थापन झालेली संस्था सांभाळते. स्कॉटलंडची संस्था वेगळी आहे, आणि इंग्लिश हेरिटेज ही आणखी एक. विसाव्या शतकात वारसा कर वाढत गेला, नोकरचाकर मिळेनात, आणि एवढी घरे राखणे सरदार घराण्यांना जड झाले, तेव्हा १९३७ च्या कायद्यामुळे घर ट्रस्टला देऊन त्यातच राहण्याची सोय त्यांना मिळाली. आपल्याकडे १९५१ मध्ये मालगुजारी गेल्यानंतर पूर्व विदर्भातल्या कितीतरी वाड्यांच्या भिंती पावसात विरघळल्या, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या व्यवस्थेचे मोल चटकन कळेल.

तिकिटे महाग असतात. मुलांचे कुटुंब वर्षातून तीन-चार ठिकाणी जाणार असेल तर ट्रस्टचे वार्षिक सभासदत्व परवडते, कारण त्यात प्रवेश आणि ट्रस्टच्या वाहनतळाचे शुल्क दोन्ही येते. सप्टेंबरात हेरिटेज ओपन डेज या नावाने काही दिवस अनेक ऐतिहासिक वास्तू विनामूल्य खुल्या असतात. पुष्कळ घरे हिवाळ्यात बंद किंवा अर्धवट बंद असतात, त्यामुळे मार्च ते ऑक्टोबर हा काळ उत्तम, आणि आपला शेतीचा हिशेबही त्याला जुळतो. बाग सकाळी लवकर उघडते, घर बहुधा अकराच्या सुमारास. म्हणून आधी बाग, मग घर, असा क्रम ठेवावा. घराच्या आत खाण्यापिण्यास मनाई असते, पण बाहेरच्या हिरवळीवर घरचा डबा उघडून बसायला सहसा कोणी हरकत घेत नाही.

आत गेल्यावर मोठी पिशवी दाराशी ठेवायला सांगतात आणि फोटो काढताना फ्लॅश वापरू देत नाहीत. खोल्या अंधाऱ्या वाटतात, कारण जुन्या कापडाला ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचे माप) जास्त उजेड लागू नये असा जतनाचा नियम आहे. खुर्चीवर पाइनचे बोंड ठेवलेले दिसले तर तिथे बसायचे नाही, हे समजावे. बहुतेक दालनांत एक स्वयंसेवक उभा असतो, आणि तो बहुधा निवृत्त आणि बोलायला उत्सुक असतो. आपले इंग्रजी तोडकेमोडके असले तरी विचारावे, नातवंडाला मध्ये घ्यावे. प्रत्येक दालन पाहिलेच पाहिजे असा आग्रह धरू नये. पाय दुखायच्या आत स्वयंपाकघर गाठावे.

कॉर्नवॉलमधल्या लॅनहायड्रॉक या घराला १८८१ मध्ये आग लागली आणि नंतर ते नव्याने बांधले गेले. त्यातली ब्रेड भाजण्याची, पेस्ट्रीची आणि दुधाची स्वतंत्र दालने आजही पाहता येतात. विटांच्या जुन्या भट्टीत विस्तव आतच पेटवत, भिंती तापल्या की राख ओढून काढत आणि भिंतींत साठलेल्या धगीवर भाजत : धग कडक असताना ब्रेड, ती उतरू लागली की केक, आणि अगदी शेवटी बिस्किटे. शॉर्टब्रेडला मंद ओव्हन का लागतो, हे तिथे उभे राहिल्यावर डोळ्यांनी दिसते. ससेक्समधल्या पेटवर्थ हाउसच्या स्वयंपाकघरात तांब्याच्या भांड्यांची लांबच लांब मांडणी आहे. कल्हईचे गंज आठवणाऱ्या आजीने ती पाहावीच.

विदर्भातल्या माणसाने एकच ठिकाण निवडायचे झाले, तर मी क्वॉरी बँक सांगेन. मँचेस्टर विमानतळाच्या अगदी जवळ, स्टायल गावी बॉलिन नदीच्या काठी सॅम्युएल ग्रेगने १७८४ मध्ये उभारलेली ही सूतगिरणी. गिरणी, मालकाचे घर, बाग, कामगारांची वस्ती आणि अनाथ-गरीब मुलांना कामासाठी ठेवत ते घर, हे सगळे एकाच आवारात आहे, त्यामुळे वैभव आणि त्याची किंमत या दोन्ही गोष्टी एका दुपारी पाहता येतात. ग्रेग कुटुंबाची कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटावर गुलामांच्या श्रमावर चालणारी मळ्याची शेतीही होती. माग चालू करून दाखवतात तेव्हा शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही, इतका खडखडाट होतो. तो आवाज दिवसभर ऐकणाऱ्या मुलांचा विचार करून पाहावा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवीमुळे मँचेस्टरच्या परिसरातल्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, तेव्हा त्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली, आणि १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते खामगावचा फाटा सुरू झाला. आपल्या आजोबा-पणजोबांच्या बंड्या ज्या बाजारात जात, त्याचे दुसरे टोक या गिरण्यांच्या मुलखात होते. नातवंडांना ही गोष्ट तिथेच उभे राहून सांगावी.

वेल्समधल्या पॉविस कॅसलमध्ये क्लाइव्ह घराण्याने भारतातून आणलेल्या वस्तूंचा संग्रह आहे आणि त्यात टिपू सुलतानाचा छापील सुती तंबूही आहे. डर्बीशरमधले केडलस्टन हॉल लॉर्ड कर्झनच्या घराण्याचे. वाइट बेटावरच्या ऑस्बॉर्न हाउसमधले दरबार दालन लाहोरच्या भाई राम सिंग यांच्या आराखड्याचे आहे.

गावी परतल्यावर ओव्हन नसला तरी शिकलेले वाया जात नाही. जाड बुडाच्या कढईत किंवा ॲल्युमिनियमच्या गंजात अर्धा इंच जाड मीठ किंवा स्वच्छ वाळू पसरावी, वर रिंग ठेवावी, झाकण घट्ट लावून मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटे तापवावे, आणि मग साचा ठेवून आच अगदी मंद करावी. यासाठी नॉनस्टिक भांडे वापरू नये. कुकर वापरला तर शिट्टी आणि रबर काढून ठेवावेत. शॉर्टब्रेडला इथे ३५ ते ४० मिनिटे लागतात आणि वरून रंग येत नाही, म्हणून कडांवरून ओळखावे. शेवटची पाच मिनिटे झाकण किंचित सरकवले की आतली वाफ निघून जाते. घरच्या लोण्यात पाणी जास्त असते, त्यामुळे ते धुऊन दाबून घ्यावे, किंवा १०० ग्रॅम लोण्याऐवजी ८० ग्रॅम थिजलेले तूप घ्यावे, कारण विकतच्या लोण्यात स्निग्धांश तेवढाच असतो. वैशाखात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा तूप हातातच वितळते. त्या दिवसांत पहाटे गोळा करावा आणि भाजण्यापूर्वी अर्धा तास फ्रिजमध्ये किंवा ओल्या कापडात गुंडाळलेल्या डब्यात ठेवावा. पावसाळ्यात बिस्किटे मऊ पडली तर त्याच कढईत मंद आचेवर पाच मिनिटे ठेवून गार करावीत, ती पुन्हा कडक होतात.