सामन्याची ईर्षा आणि सत्र परीक्षा : सांगलीच्या महाविद्यालयीन फुटबॉलपटूंसाठी

सांगली-मिरजेच्या महाविद्यालयांतून फुटबॉल खेळणाऱ्या मुला-मुलींना घरी आणि वर्गात बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो : परीक्षा जवळ आली, आता खेळ बंद. हा सल्ला मला पटत नाही. ईर्षा मारून अभ्यास वाढल्याचे मी क्वचितच पाहिले आहे. मैदानावरचे वाचलेले दोन तास बहुधा मोबाइलवरच जातात. रोजच्या सरावाने अभ्यास फारसा बुडत नाही, तो बुडतो सामन्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत, आणि नियोजन करायचे ते हे दिवस डोळ्यांसमोर ठेवूनच.

सत्राच्या पहिल्याच आठवड्यात जिमखान्याच्या फलकावरील स्पर्धांच्या तारखा आणि विभागाने लावलेल्या प्रात्यक्षिकांच्या, अंतर्गत चाचण्यांच्या व सबमिशनच्या तारखा वहीच्या एकाच पानावर उतरवून घ्याव्यात. शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे येतात, त्यामुळे सामना कऱ्हाडला असला तरी ९० मिनिटांच्या खेळासाठी सकाळच्या एसटीपासून रात्री घरी पोहोचेपर्यंतचा अख्खा दिवस जातो; पानावरही तो अख्खा दिवसच भरलेला दिसला पाहिजे. सामन्याचा दुसरा दिवसही जड विषयासाठी धरू नये, कारण स्नायूंचे दुखणे तेव्हाच वाढत असते.

रजेच्या बाबतीत मात्र जराही ढिलाई नको. शारीरिक शिक्षण संचालकांच्या सहीचे पत्र सामन्याला जाण्यापूर्वी विभागप्रमुखांकडे द्यावे, पोहोच घेतलेली प्रत स्वतःजवळ ठेवावी आणि चुकणारे प्रात्यक्षिक दुसऱ्या बॅचबरोबर करू देण्याची विनंती त्याच अर्जात करावी. ७५ टक्के हजेरीचा हिशेब सत्राअखेरीस होतो, आणि तोपर्यंत कोणत्या तारखेला कोणता सामना होता हे सरांनाही आठवत नाही आणि आपल्यालाही.

सराव संध्याकाळी असेल तर गणित, सांख्यिकी किंवा लेखाशास्त्रासारखा विषय पहाटेच्या दीड तासात घ्यावा. रात्री जर्नल पुरे करणे, आकृत्या काढणे, सुवाच्य उतरवून घेणे एवढेच ठेवावे. त्यासाठी झोप मोडू नये. वाचलेले पक्के होते ते झोपेतच.

आता मूळ अडचणीकडे येतो. द्वितीय वर्षाला असताना आमचा संघ उपांत्य सामना टायब्रेकरवर हरला आणि तिसरी पेनल्टी माझी होती, ती खांबाला लागली. खोलीवर आल्यावर चिखलाने भरलेले बूट कोपऱ्यात तसेच पडले होते, समोर पुस्तक उघडे होते, आणि तीन दिवस मी एकाच पानावर बसून मनात तीच किक मारत राहिलो. चौथ्या दिवशी पेपर होता. तो विषय राहिला आणि पुढच्या सत्रात एटीकेटीचे ओझे घेऊन खेळावे लागले.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली आणि ती आजही प्रत्येक खेळाडूला सांगतो. सामन्याच्याच रात्री, बूट धुऊन झाल्यावर, वहीत तीन ओळी लिहाव्यात : माझे काय चुकले, काय जमले, आणि पुढच्या सरावात पहिली पंधरा मिनिटे कशावर घालवायची. मग वही मिटावी आणि ग्रुपवर रंगलेली चर्चा त्या रात्री उघडू नये. ईर्षेला दुसऱ्या दिवशीचे ठरलेले काम मिळाले, की ती पुस्तकाच्या पानावर येऊन बसत नाही.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताने फ्रान्सविरुद्ध दोन पेनल्टी दवडल्या आणि सामना १-२ असा गमावला. त्या संघाचे कर्णधार तालिमेरेन आओ मोहन बागानकडून खेळता खेळता कोलकात्यात वैद्यकीय शिक्षण घेत होते. ते परतले, शिक्षण पूर्ण केले आणि पुढे नागालँडमध्ये डॉक्टर म्हणून काम केले.

घरच्यांना समजावताना आणखी एक गोष्ट सांगता येते. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण पदासाठी लागणारी शैक्षणिक अर्हता खेळाडूलाही पूर्ण करावीच लागते.

परीक्षेच्या पंधरवड्यात सराव थांबवू नये, आखूड करावा : अर्धा तास हलके धावणे, भिंतीवर पासिंग, थोडे स्ट्रेचिंग. या दिवसांत टॅकल आणि गल्लीतल्या पैजेच्या मॅचेस मात्र कटाक्षाने टाळाव्यात, कारण मनगट दुखावले तर तीन तासांचा पेपर लिहिता येत नाही.