शंभर वर्षांपूर्वीची अमेरिकन गाणी कशी ऐकावी: कडवं सोडलंत तर गाणं गेलं

जुनी अमेरिकन गाणी ऐकायचीयत, सुरुवात कुठून करू, असं विचारलं की हमखास दोन सल्ले मिळतात. एक म्हणजे पन्नासच्या दशकातल्या गायकांनी परत म्हटलेली व्हर्जन्स ऐक, ती साफ असतात. आणि दुसरा, धृपद तेवढं ऐक, आधीचं सगळं भरताड असतं. मी हे दोन्ही सल्ले इमानदारीत पाळले आणि त्यात माझी तीनेक वर्षं वाया गेली, म्हणून हे लिहितेय. मी बोलतेय ती साधारण १९०० ते १९२५ मधली गाणी, म्हणजे रेकॉर्डिंगला मायक्रोफोन यायच्या आधीची.

गाणी मिळवणं सोपंय. लायब्ररी ऑफ काँग्रेसचा नॅशनल ज्यूकबॉक्स आणि सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा सिलिंडर (म्हणजे तबकडीऐवजी गाणं कोरलेली नळकांडी) संग्रह, दोन्ही ऑनलाइन, दोन्ही फुकट. १९२३ च्या आधी निघालेल्या रेकॉर्डिंग्जवरचे हक्क अमेरिकेत १ जानेवारी २०२२ ला संपले, त्यामुळे बिनधास्त ऐका.

खरखरीला घाबरू नका आणि कृपा करून "आवाज साफ केलेली" व्हर्जन्स घेऊ नका. खरखर पुसताना स, श, ट या अक्षरांची धारही पुसली जाते, आणि या गाण्यांत शब्दच गेले तर हातात काय राहतं? त्या काळी गायक एका मोठ्या कर्ण्यात गायचा आणि त्याच्या आवाजाच्या जोरावरच सुई मेणावर रेघ कोरायची, मध्ये विजेचा काही संबंध नाही. हळुवार गुणगुणणं त्या कर्ण्याला झेपायचंच नाही, म्हणून बिली मरेसारखे लोक इतकं खणखणीत, अक्षर न् अक्षर तोडून गातात. नाटकाच्या जुन्या तबकड्या ऐकत वाढलेल्यांना याची सवय दोन दिवसांत होते, कारण तंत्र तेच. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानचा आवाज रेकॉर्ड करणारा फ्रेड गाइसबर्ग मूळचा वॉशिंग्टनचाच. गौहर जान गाणं संपल्यावर स्वतःचं नाव सांगायची ना, तसं एडिसनच्या सुरुवातीच्या सिलिंडरवर गाण्याआधी एक माणूस गाण्याचं नाव मोठ्यांदा सांगतो, मला ते फार आवडतं. हेडफोन नको. साधा स्पीकर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा.

आता खरी अवघड जागा. आपला कान मुखड्यावर पोसलेला आहे. भावगीत घ्या, नाट्यगीत घ्या, सिनेमातलं घ्या, पहिली ओळ पडली की गाणं ओळखलं, मग अंतरा, आणि परत मुखड्यावर यायचं घरी आल्यासारखं. ही अमेरिकन गाणी बरोबर उलटी बांधलेली असतात. आधी कडवं, तेसुद्धा लांब, चाल बरेचदा साधी, जवळजवळ बोलल्यासारखी. मग धृपद, ज्याची चाल डोक्यातून जात नाही. मग वेगळ्या शब्दांचं दुसरं कडवं आणि परत तेच धृपद. त्यामुळे आपल्याला सुरुवातीला वाटत राहतं की गाणं अजून सुरूच कुठे झालंय, आणि बोट आपोआप पुढे ढकलायला जातं. माझं जायचं. वर्षानुवर्षं मी कडवी पुढे ढकलून फक्त धृपदं ऐकली, आणि मग ही गाणी गोड पण पोकळ आहेत असं माझं ठाम मत झालं, जे साफ चुकीचं होतं.

ते मत मोडलं १९०८ च्या 'टेक मी आउट टू द बॉल गेम'मुळे. जॅक नॉरवर्थचे शब्द, अल्बर्ट फॉन टिल्झरची चाल. अमेरिकेत बेसबॉलच्या मॅचला सातव्या इनिंगच्या मध्ये अख्खं स्टेडियम उभं राहून हे म्हणतं, पण म्हणतं ते नुसतं धृपद. मला वाटायचं हे प्रेक्षकांचं गाणं, मॅचला चला, शेंगदाणे खा, एवढंच. मग एकदा एडवर्ड मीकरचा १९०८ चा एडिसन सिलिंडर सुरुवातीपासून ऐकला, समोर छापील शब्द ठेवून, आणि गाणं निघालं भलतंच. पहिल्या कडव्यात केटी केसी नावाची बेसबॉलवेडी मुलगी आहे, शनिवारी तिचा मित्र येऊन विचारतो की नाटकाला वगैरे येतेस का, आणि ती म्हणते नाही, तू काय कर ते मी सांगते. इथे कडवं संपतं. म्हणजे पुढचं धृपद हे तिचं उत्तर आहे! एक मुलगी एका मुलाला ठणकावून सांगतेय की मला मॅचला ने. अमेरिकेत बायकांना देशभर मतदानाचा हक्क मिळाला १९२० मध्ये, हे गाणं त्याच्या बारा वर्षं आधीचं. दुसऱ्या कडव्यात ती स्टेडियममध्ये आहे, खेळाडूंना नावानिशी ओळखते, अंपायरला तोंडावर चूक सांगते, आणि स्कोअर बरोबरीत अडकल्यावर आपल्या पोरांना हुरूप यावा म्हणून सगळ्यांकडून हेच गाणं म्हणवून घेते. आता तेच धृपद सगळ्यांच्या तोंडी गेलं. शब्द तेच, चाल तीच, पण पहिल्यांदा ते एका मुलीचं होतं आणि दुसऱ्यांदा गर्दीचं झालं. ही सगळी करामत कडव्यांची आहे.

म्हणून कडवं कसं ऐकायचं ते नीट सांगते. आधी छापील शब्द शोधा, आणि ते मूळ शीट म्युझिकवरचेच (म्हणजे गाण्याचे शब्द आणि स्वरलिपी छापलेल्या कागदांवरचेच) शोधा. गाण्यांच्या शब्दांच्या साइट्सवर बरेचदा नुसतं धृपद असतं, किंवा नंतर बदललेले शब्द असतात (या गाण्यात १९२७ च्या आवृत्तीत केटी केसीची नेली केली झाली). जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा लेस्टर लेव्ही संग्रह बघा, तिथे त्या काळची हजारो गाणी स्कॅन केलेली आहेत, मुखपृष्ठांसकट. मग रेकॉर्ड लावायच्या आधी फक्त कडवी वाचून काढा आणि तीन गोष्टी ठरवा: बोलतंय कोण, कुणाला, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत काय बदललं. मगच रेकॉर्ड लावा. आणि मध्ये थांबवायचं नाही, एकही शब्द कळला नाही तरी नाही, कारण दोन-तीन मिनिटांचं गाणं तोडलं की धृपदावर परत येण्याची जी मजा आहे ती जाते.

'बिल बेली' घ्या, १९०२ चं, ह्यूई कॅननचं. सगळे ते पार्टीत टाळ्या वाजवत म्हणतात. कडव्यात एक बाई परसात कपडे वाळत घालताना रडतेय, तिनेच त्याला घराबाहेर काढलंय आणि आता ती त्याला परत ये म्हणतेय. ते टाळ्यांचं धृपद म्हणजे तिचा आक्रोश आहे.

असं उलटं का बांधलं, त्याचं कारणही साधंय. हा धंदा रेकॉर्डचा नव्हता, कागदाचा होता. न्यूयॉर्कच्या पश्चिम २८ व्या रस्त्यावर, ज्याला टिन पॅन ॲली म्हणायचे, प्रकाशकांची दुकानं ओळीने होती आणि ते घरच्या पियानोसाठी शीट म्युझिक विकायचे. १८९२ च्या 'आफ्टर द बॉल'च्या लाखो प्रती खपल्या तेव्हा सगळ्यांना या धंद्याची ताकद कळली. व्हॉडव्हिलच्या, म्हणजे गाणी, नकला, कसरती अशा मिसळ कार्यक्रमांच्या स्टेजवर गायकाने कडव्यात गोष्ट सांगायची आणि लोकांनी धृपद गुणगुणत घरी जायचं, सकाळी प्रत विकत घ्यायची. पुढे गायकांनी कडवी गाळायला सुरुवात केली आणि गोष्टच हरवली. पन्नासच्या दशकातली व्हर्जन्स आधी ऐकू नका म्हणते ते याचसाठी.

कडवं जमलं की एकच गाणं दोनदा ऐका. शेल्टन ब्रुक्सचं 'सम ऑफ दीज डेज' सोफी टकरने १९११ मध्ये एडिसनच्या सिलिंडरवर गायलं आणि १९२६ मध्ये टेड लुइसच्या बँडबरोबर परत, तोवर मायक्रोफोन आला होता. बाई तीच. कर्ण्याने काय खाल्लं होतं ते लगेच कळतं.

एक गोष्ट टाळून चालणार नाही. या काळात काळ्या लोकांची टिंगल करणारी गाणी ढिगाने निघाली, मुखपृष्ठांवर घाणेरडी चित्रं, गाणारे बहुतेक गोरे. शोधताना ती समोर येणारच. "तेव्हा असंच चालायचं" हे मला पटत नाही, तेव्हाही ज्यांची टिंगल व्हायची त्यांना ते लागायचंच. मी ती गाणी मजेसाठी ऐकत नाही. पण बर्ट विल्यम्सचं १९०६ चं 'नोबडी' जरूर ऐका. तो स्वतः काळा कलाकार, तरी स्टेजवर त्याला तोंडाला काळं फासूनच उभं राहावं लागायचं. कडव्यात तो विचारत जातो की माझ्या वाईट दिवसांत माझ्यासाठी कोण आलं, आणि मग जे उत्तर येतं ते तो इतकं सावकाश देतो की पोटात कालवतं.

डब्ल्यू. सी. हँडीचं 'सेंट लुइस ब्लूज' सगळ्यात शेवटी ठेवा. गाणं १९१४ चं, पण ऐकायचं ते बेसी स्मिथने १४ जानेवारी १९२५ ला न्यूयॉर्कमध्ये गायलेलं, अजून कर्ण्यातच. कॉर्नेटवर, म्हणजे ट्रंपेटसारख्या पितळी वाद्यावर, २३ वर्षांचा लुई आर्मस्ट्राँग आहे, तिची ओळ संपली की तो भरतो, परत ओळ, परत भरणा, कुठेही घाई नाही. आणि खाली पियानो नाहीये. फ्रेड लाँगशॉ रीड ऑर्गन वाजवतोय, आपल्या संगीत नाटकातल्या पायपेटीचाच भाऊबंद. पहिल्या सुराला मी दचकले होते, इतका तो ओळखीचा होता.