ऑस्ट्रेलियन बाभूळ: ओळखताना आणि रोपं करताना या चुका टाळा

ऑस्ट्रेलियन बाभूळ म्हणजे अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस. पहिली गफलत तिच्या पानापाशीच होते. १० ते २० सेंमी लांब, कोयत्यासारखं वाकलेलं जाडसर पातं पाहून लोक निलगिरी म्हणून मोकळे होतात. खरं तर ते पान नव्हेच, तो पसरट झालेला देठ आहे. त्याला फायलोड म्हणतात. चुरगळून पाहा, निलगिरीचा उग्र वास येत नाही. उजेडात धरलं तर बुडापासून टोकाकडे जाणाऱ्या साधारण तीन ठळक शिरा दिसतात. निलगिरीला मधली एकच शीर उठून दिसते. चार शिरा आणि तळहाताएवढी रुंदी असेल तर ते झाड बहुधा अकेशिया मँजियम. ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि मँजियम या दोघांचा संकर आपोआप होतो, त्यामुळे मिश्र लागवडीतलं बी घेतलं तर कोणती रोपं येतील याचा भरवसा नाही.

रोपवाटिकेत याच अज्ञानापायी चांगली रोपं तण म्हणून उपटली जातात. बी उगवलं की पहिली पानं पिसासारखी, बारीक पर्णिकांची असतात. पुढच्या पानांचा देठ रुंदावत जातो आणि टोकाला पर्णिकांचा छोटा झुपका उरतो. मग तोही जातो. असं अर्धंमुर्धं पान रोग नव्हे. फवारणी करू नका.

बी उगवत नाही ही नेहमीची तक्रार. कवच पाणी आत जाऊ देत नाही, हे त्याचं कारण. काहीजण त्यावर बी चुलीवर उकळतात आणि आतला गर्भच शिजतो. पाणी उकळवून खाली उतरवा. बियांच्या दसपट पाण्यात बी एक-दोन मिनिटं ठेवा, निथळा आणि साध्या पाण्यात २४ तास भिजवा. फुगलेलं बी एक सेंमीपेक्षा खोल पेरू नका. न फुगलेल्याचं कवच नेलकटरने किंचित कापा, पण नारिंगी-पिवळा धागा चिकटलेला असतो ती बाजू सोडून. तो धागा आधीच चोळून काढलेला बरा.

युरियाची घाई नको. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधतात. नत्र वरून ओतला तर गाठी कमी धरतात. गाठ कापून पाहा: आत गुलाबी असेल तर काम चालू आहे. पिशवीत रोप जास्त दिवस राहिलं तर सोटमूळ तळाशी गुंडाळतं आणि पुढे झाड वाऱ्यात आडवं होतं.

सदाहरित म्हणजे गळती नाही, असं नव्हे. जुनी पाती पिवळी पडून गळतातच. शेंड्याची कोवळी पाती पिवळी पडली तरच मुळाशी पाणी साचतंय का ते बघा.

छाटणीत झाड बुडापासून कापलं तर फुटवा कमजोर येतो. थोडा उंच खुंट आणि त्यावर एखादी हिरवी फांदी राखा.