कान तिथे, घड्याळ इथे: इंटरनेटवरचा एसडीआर ऐकताना या चुका टाळा

सलग दोन रात्री मी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या, इंटरनेटवरून ऐकता येणाऱ्या एका एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या रेडिओ) रिसीव्हरला चिकटून ३.८ मेगाहर्ट्झच्या आसपास हॅम मंडळींच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या, गप्पा शोधत होतो. खरखरीपलीकडे काही नाही. हेडफोन बदलला, ब्राउझर बदलला, राउटर बंद करून परत चालू केला. तिसऱ्या रात्री सहज त्या रिसीव्हरच्या पानावरचं घड्याळ पाहिलं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. रात्र माझ्याकडे होती. तिकडे सकाळचं लख्ख ऊन पडलेलं होतं.

दूरच्या एसडीआरवर होणाऱ्या बऱ्याचशा चुका या एकाच चुकीच्या बहिणी आहेत. माउस आपल्या हातात असतो, आवाज आपल्या कानात येतो, म्हणून रेडिओही आपल्याच टेबलावर आहे असं वाटू लागतं. अँटेना, आकाश, सूर्य, शेजाऱ्याचा खरखरणारा चार्जर, हे सगळं तिथलं असतं. आपण फक्त एक लांबलचक हेडफोनची वायर ओढून बसलेलो असतो.

आधी साधी शांतता

आवाजच येत नसेल तर लगेच लहरींना दोष देऊ नका. आजकालचे ब्राउझर पानावर एकदा क्लिक केल्याशिवाय आवाज सुरू करत नाहीत. म्हणून वेबएसडीआरवर (ब्राउझरमधून दूरचा रिसीव्हर ऐकवणारी एक प्रणाली) आवाज सुरू करण्याचं बटण दिसतं आणि तिचा भाऊबंद किवीएसडीआर (थोडक्यात किवी) ‘इथे टिचकी मारा’ म्हणून अडून बसतो. वॉटरफॉल (सिग्नल रंगीत रेषांत दाखवणारं सरकतं चित्र) मात्र छान वाहत असतो, त्यामुळे माणूस फसतो. टॅब म्यूट झालेला नाही ना, तेही बघा.

दुसरा गुन्हेगार स्क्वेल्च, म्हणजे ठरावीक जोराखालचा आवाज बंद करणारी पट्टी. ओपनवेबआरएक्स या तशाच तिसऱ्या प्रणालीवर ती चुकून उजवीकडे सरकली की रिसीव्हर मुका होतो. आधी ती पूर्ण डावीकडे न्या, खरखर ऐकू येऊ द्या. खरखर आली म्हणजे साखळी शाबूत आहे. मग हवं तर हळूहळू वाढवा.

पानच उघडत नसेल तर दोन शक्यता. अनेक हौशी रिसीव्हर साध्या एचटीटीपीवर चालतात आणि ब्राउझर आपल्या हुशारीने पत्त्यात एचटीटीपीएस घालून मोकळा होतो. शिवाय किवी बहुधा ८०७३ आणि वेबएसडीआर ८९०१ या पोर्टवर असतात. ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या नेटवर्कवर हे पोर्ट सर्रास अडवलेले असतात. मोबाईल डेटावर तेच पान उघडून पाहिलं की निकाल लागतो.

किलो आणि मेगा

ही चूक मी अजूनही करतो. फ्रीक्वेन्सीच्या चौकटीत ७.१ टाकतो आणि रिसीव्हर इमानेइतबारे ७.१ किलोहर्ट्झवर, म्हणजे जवळपास तळाला जाऊन बसतो. वेबएसडीआर आणि किवी दोन्हीकडे चौकट किलोहर्ट्झची असते. ७१०० लिहा.

सूर्य कुणाचा बघायचा

आता मूळ मुद्द्याकडे. दिवसा आयनांबराचा, म्हणजे लहरी परतवणाऱ्या वरच्या वातावरणाचा, खालचा डी थर कमी फ्रीक्वेन्सीच्या लहरी गिळून टाकतो. त्यामुळे मध्यम लहरी, ८० मीटर (३.८ मेगाहर्ट्झच्या आसपास) आणि बऱ्याच अंशी ४० मीटरवरचे (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) लांबचे सिग्नल अंधार पडल्यावरच उघडतात. १४ मेगाहर्ट्झच्या वरचे पट्टे साधारण उलटे वागतात, त्यांना दिवस लागतो. इथपर्यंत बऱ्याच जणांना ठाऊक असतं. चूक होते ती अशी की, हा दिवस-रात्रीचा हिशेब लोक स्वतःच्या खिडकीबाहेर बघून करतात. तुमचं या गणितात काहीच काम नाही. प्रक्षेपक कुठे, रिसीव्हर कुठे आणि त्या दोघांमधल्या वाटेवर ऊन आहे की अंधार, एवढंच बघायचं. दिवस-रात्र दाखवणारा जगाचा नकाशा शेजारच्या टॅबमध्ये उघडा ठेवला तर निम्मे प्रश्न मिटतात.

यात ऋतूही येतो. रशियातलं ४६२५ किलोहर्ट्झवरचं ते प्रसिद्ध ‘बझर’, म्हणजे सतत भुणभुणणारं स्टेशन, ऐकायला नवे लोक हमखास नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाच्या वेबएसडीआरवर जातात. नेदरलँड्स साधारण ५२ अक्षांशावर. डिसेंबरात तिथे दुपार सरता सरता अंधारतं आणि बझर घुमू लागतो. जूनमध्ये त्याच घड्याळी वेळेला ऊन रेंगाळलेलं असतं आणि सिग्नल खरखरीत बुडालेला. रिसीव्हर तोच, वेळ तीच, आणि माणूस म्हणतो, ‘बिघडला वाटतं.’

याच्याच पोटातली दुसरी चूक म्हणजे प्रक्षेपकाच्या अगदी जवळचा रिसीव्हर निवडणं. जवळ म्हणजे जोरात, असं वाटणं साहजिक आहे. पण वरच्या पट्ट्यांवर जमिनीलगतची लहर थोड्याच अंतरात विरते आणि आकाशातून परतणारी लहर कित्येकशे किलोमीटर पुढे जाऊन उतरते. मधला पट्टा कोरडाच. चारशे किलोमीटरवरच्या रिसीव्हरवर जे स्टेशन शून्य, ते दोन हजार किलोमीटरवर खणखणीत, हे रोजचंच आहे. एक रिसीव्हर गप्प असेल तर दूरचा दुसरा लावा. ही चैन आपल्या छतावरचा रेडिओ देऊ शकत नाही, मग ती वापरायची का नाही?

पट्टा उघडा आहे की नाही हे तपासायला मी वेळदर्शक स्टेशनं वापरतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडोतलं डब्ल्यूडब्ल्यूव्ही ५, १०, १५ मेगाहर्ट्झवर असतं, हवाईतलं डब्ल्यूडब्ल्यूव्हीएचही याच फ्रीक्वेन्सींवर. पॅसिफिकच्या बाजूच्या रिसीव्हरवर कधी कधी दोन्ही एकत्र ऐकू येतात: मिनिट संपायच्या आधी प्रथम बाईचा आवाज वेळ सांगतो, तो हवाईचा. त्यानंतर पुरुषाचा, तो कोलोरॅडोचा. युरोपातल्या रिसीव्हरवर मॉस्कोचं आरडब्ल्यूएम ४९९६ आणि ९९९६ किलोहर्ट्झवर शोधा. यांपैकी काहीच ऐकू येत नसेल, तर तुमच्या आवडत्या स्टेशनचा शोध घेण्यात अर्थ नाही.

मात्र या टिक-टिकवर घड्याळ लावू नका. रेडिओ लहर ३००० किलोमीटर १० मिलिसेकंदांत कापते, पण पुढे रिसीव्हर, सर्व्हर आणि ब्राउझरचा बफर मिळून त्यात सहज अर्धा-एक सेकंद मिसळतात.

बदकाचा आवाज

सिग्नल दिसतोय, ऐकूही येतोय, पण बदक बोलल्यासारखा. याचा अर्थ एसएसबी बोलणं (सिग्नलची एकच बाजू पाठवण्याची पद्धत) तुम्ही एएममध्ये, म्हणजे रेडिओ केंद्रांच्या नेहमीच्या पद्धतीत, ऐकताय. हॅम लोकांचा रिवाज असा: १० मेगाहर्ट्झच्या खाली एलएसबी (सिग्नलची खालची बाजू), वर यूएसबी (वरची बाजू). या रिवाजाला दोन महत्त्वाचे अपवाद आहेत. ५ मेगाहर्ट्झचा ६० मीटर पट्टा यूएसबी वापरतो, आणि एफटी८सारखे डिजिटल प्रकार ७०७४ किलोहर्ट्झवरसुद्धा यूएसबीतच चालतात. लघुलहरींवरची विमानं आणि जहाजंही यूएसबीवर बोलतात, फ्रीक्वेन्सी काहीही असो.

मोड बरोबर, पण आवाज चिरका किंवा घोगरा येतोय? मग तुम्ही काही शे हर्ट्झ बाजूला आहात. यूएसबीत आवाज चिरका असेल तर आकडा वाढवा, एलएसबीत असेल तर कमी करा. किवी आणि वेबएसडीआर दोन्हींवर बारीक पायरीची बटणं असतात, ती सोडून वॉटरफॉलवर माउसने ओढाताण करत बसू नका. रेडिओ केंद्राची फ्रीक्वेन्सी एसएसबीत लावली तर शिट्टी येते. ती जिथे अगदी खाली जाऊन नाहीशी होते, तिथे वाहक लहर, म्हणजे केंद्राची मूळ लहर. केंद्राचा आवाज कधी भरलेला, कधी पिळवटलेला येत असेल तर सिंक्रोनस एएम (विरणारी वाहक लहर स्वतः भरून काढणारा मोड) वापरून पाहा, किवीवर तो आहे.

हवामानाचा फॅक्स (रेडिओवर आवाजाच्या रूपात येणारे हवामानाचे नकाशे) ऐकणारे इथेच ठेच खातात. हॅम्बुर्गजवळच्या पिन्नेबर्गहून निघणारा जर्मन हवामान खात्याचा फॅक्स ७८८० किलोहर्ट्झवर असतो, पण यूएसबीत तो हाताने डीकोड करायचा तर डायल १.९ किलोहर्ट्झ खाली, म्हणजे ७८७८.१ला ठेवावी लागते. नाहीतर चित्र येतच नाही, आलं तरी राखाडी चिखल. डिजिटल काहीही बाहेरच्या प्रोग्रॅमने डीकोड करायचं असेल तर रिसीव्हरवरची नॉइज रिडक्शन आणि आवाजाचं कॉम्प्रेशन बंद करा. कानाला गोड वाटणारी सफाई डीकोडरच्या दृष्टीने तोडफोडच.

मध्यम लहरींवर एक छोटी गोष्ट: युरोप, आशिया, आफ्रिकेत केंद्रं ९ किलोहर्ट्झच्या अंतराने बसतात, अमेरिका खंडांत १०च्या. रिसीव्हर बदलला की पायरीही बदला.

भुतं

वॉटरफॉल बघून उत्साह येतो आणि प्रत्येक रेषा गुप्त प्रक्षेपण वाटू लागते. समान अंतरावर उभ्या, न हलणाऱ्या, चोवीस तास असणाऱ्या रेषा बहुधा तिथल्याच एखाद्या वीजपुरवठ्याच्या किंवा सोलर इन्व्हर्टरच्या असतात. स्वस्त आरटीएल डोंगलने (संगणकाला जोडायच्या छोट्या रिसीव्हरने) डायरेक्ट सॅम्पलिंगवर (अँटेनाचा सिग्नल थेट आकड्यांत बदलून) लघुलहरी ऐकवणारा रिसीव्हर असेल तर १४.४ मेगाहर्ट्झचा आरसा लक्षात ठेवा: त्याचा नमुनादर (सेकंदाला किती नमुने घेतो तो आकडा) २८.८ मेगाहर्ट्झ, आरसा त्याच्या निम्म्यावर, म्हणून १५ मेगाहर्ट्झवरचं डब्ल्यूडब्ल्यूव्ही १३.८वरही ‘सापडतं’. मी एकदा असाच शोध लावून दिवसभर खूश होतो.

तपास सोपा आहे. तोच सिग्नल निदान दोन वेगळ्या ठिकाणच्या रिसीव्हरवर बघा. दोन्हीकडे दिसला तर खरा. एकाच ठिकाणी दिसला, तर आधी भूत समजा. जवळच्या जबर केंद्रामुळे रिसीव्हर ओव्हरलोड होतो तेव्हाही असं होतं. त्या वेळी किवी ‘ओव्ही’ दाखवतो, ते दिसलं की त्या क्षणीच्या कुठल्याही नव्या शोधावर विश्वास ठेवू नका.

वॉटरफॉल नुसता निळा किंवा नुसता पिवळा असेल तर रंगांची पातळी बदला, बहुतेक ठिकाणी ती आपोआप जुळवण्याची सोय असते. आणि एस-मीटरवरून (सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या मापकावरून) दोन रिसीव्हरची तुलना करू नका. एस ९ म्हणजे लघुलहरींवर उणे ७३ डीबीएम (सिग्नलच्या शक्तीचं एकक) हे पुस्तकात बरोबर आहे, पण एकाची अँटेना छोटी मिनी-व्हिप, दुसऱ्याची लांबच लांब तार आणि तिसऱ्याचं मीटर कुणी कधी जुळवलेलंच नाही. बघायचं ते सिग्नल तिथल्या खरखरीच्या किती वर आहे, एवढंच.

दुसऱ्याच्या घरात

वेबएसडीआरवर शेकडो लोक आपापलं ऐकू शकतात. किवीवर साधारण ४ किंवा ८ जागा. त्यातली एक अडवून, टॅब मागे टाकून आपण जेवायला जातो, तेव्हा कुणीतरी ‘जागा नाही’ असं वाचत बसलेलं असतं. काही मालक म्हणूनच दिवसाची वेळमर्यादा घालतात. मर्यादा संपली की रिसीव्हर बिघडला असं समजून दुसऱ्या नावाने घुसू नका, दुसरा रिसीव्हर निवडा.

ओपनवेबआरएक्सची गोष्ट आणखी नाजूक आहे. तिथे प्रोफाइल (मालकाने आधीच ठरवून ठेवलेला पट्टा) बदललं की डोंगलच दुसऱ्या पट्ट्यावर जातो आणि त्याच्यावर ऐकणारे सगळेजण ओढले जातात. अर्धं वाक्य ऐकलेलं असताना पट्टा नाहीसा झाला तर काय वाटेल, ते आठवा. ऐकणारे किती आहेत हे पानावर दिसतं. एकटेच असाल तर खुशाल बदला.

स्वतःचा सिग्नल कसा जातोय हे तपासायला हॅम लोक दूरचा रिसीव्हर वापरतात. चांगली सवय, फक्त बोलताना स्पीकर बंद ठेवा. आपलाच आवाज अर्ध्या सेकंदाने कानात आला की भलेभले अडखळतात. रेकॉर्ड करा आणि नंतर ऐका. स्पर्धेत किंवा पुरस्कारासाठी संपर्क मोजताना मात्र दूरच्या कानाने ऐकलेलं बहुधा चालत नाही, आधी नियम वाचा.

रेकॉर्डिंगवरून आठवलं: वेबएसडीआरवरचं रेकॉर्डिंग तुमच्या ब्राउझरमध्येच साठत असतं. थांबवलंत, पण डाउनलोड न करता टॅब बंद केलात, तर गेलं. माझं आरडब्ल्यूएमचं एक तासभराचं रेकॉर्डिंग असंच गेलं. त्यात तास संपताना नेमकं काय वाजतं हे मला ऐकायचं होतं, आणि त्या रात्री पट्टा पुन्हा उघडला नाही.