फायब्रोमायल्जिया आणि एनएचएसची पेन्शन: आधी राजीनामा देऊ नका

इंग्लंड किंवा वेल्समध्ये एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) नोकरीत असाल आणि फायब्रोमायल्जियामुळे (अंगभर सतत दुखण्याच्या जुनाट आजारामुळे) मुदतीआधी निवृत्ती हवी असेल, तर नोकरीत असतानाच एडब्ल्यू३३ई (AW33E) हा आजारपणाच्या निवृत्तीचा फॉर्म भरा. पेन्शन योजनेची किमान 2 वर्षांची पात्र सदस्यता लागते. नोकरी सोडून अर्ज केला तर वेगळे, कमी फायद्याचे नियम लागतात.

खरी अडचण ‘कायमस्वरूपी’ या शब्दाची: आजारामुळे आपलं काम कायमस्वरूपी करता येणार नाही, हे दाखवावं लागतं. हा आजार रक्ततपासणीत दिसत नाही, त्यामुळे निदानाच्या कागदावर भागत नाही. कोणते औषध, किती महिने, फिजिओथेरपी, पेन क्लिनिक (दुखण्यावर उपचार करणारं केंद्र), काय उपयोग झाला नाही, हे सगळे तज्ज्ञाच्या पत्रात यायला हवे. उपचार बाकी दिसले की अर्ज अडकू शकतो. ‘खूप दुखतं’ लिहू नका. ‘वीस मिनिटं उभं राहिल्यावर बसावंच लागतं’ असं लिहा.